आर्द्रता दर काही आठवड्यांनी फुगते: समुद्रकाठच्या पॅरिशची रोजची हवामान नोंद नेमकी कुठे बिघडते

समुद्राजवळ रोज सकाळी हवामानाची नोंद ठेवणारं कुणीही असो, हा प्रॉब्लेम एकदा तरी येतोच आणि नीट केला तरी काही आठवड्यांनी परत येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. लक्षण असं की सुरुवातीला सगळं व्यवस्थित असतं, मग आर्द्रतेचे आकडे हळूहळू वर सरकायला लागतात, रोज बघणाऱ्याला ते कळतसुद्धा नाही कारण एका दिवसात फार काही बदलत नाही, आणि मग एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडलंय, वारा सुटलाय, दोरीवरचे कपडे तासाभरात खडखडीत वाळलेत आणि वहीत आपणच लिहितोय ९४ टक्के. तेव्हा कुठे लक्षात येतं की काहीतरी गडबड आहे.

मी आमच्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या परिसराची, वही सांभाळायला घेतली तेव्हा पहिल्याच वर्षी हे झालं. आर्द्रता काढायला दोन थर्मामीटर शेजारी असतात, एकाच्या खालच्या फुगीर टोकावर ओलं कापड असतं तो ओला फुगा, दुसरा उघडा तो कोरडा. मला वाटलं ओल्या फुग्याचा थर्मामीटर खराब झाला. नवीन आणला, लावला, आकडे लगेच खाली आले, झालं काम असं समजून मी वहीत 'थर्मामीटर बदलला' एवढंच लिहिलं आणि विसरले. तीन आठवड्यांनी परत तेच. आता नवा कोरा थर्मामीटर तीन आठवड्यांत कसा बिघडेल? मग आठवलं की थर्मामीटर बदलताना मी फुग्यावरचं मलमलचं कापड आणि ते ओलं ठेवायला भांड्यातल्या पाण्यात सोडलेली वातसुद्धा नवी घातली होती. आकडे खाली आले ते कापडामुळे, जुना थर्मामीटर शेवटपर्यंत चांगलाच होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही, हे मी तेव्हापासून पक्कं धरलंय, आता एकच वस्तू बदलते, दोन-तीन दिवस बघते, मगच पुढची.

त्या दिवशी ते कापड काढून हातात घेतलं तर खळ घातलेल्या कापडासारखं कडक झालेलं, बोटांनी चोळलं तर बारीक पांढरे कण हाताला लागले. मीठ! खारा वारा दिवसभर समुद्राचे बारीक तुषार घेऊन येतो, ते कापडावर बसतात, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं, रोज थोडं थोडं. आता खारट पाणी गोड्या पाण्यापेक्षा हळू वाळतं. ओल्या फुग्याचं सगळं गणित बाष्पीभवनावर चालतं, पाणी उडताना फुगा थंड होतो आणि कोरड्या फुग्यापेक्षा जितका जास्त थंड तितकी हवा कोरडी. मिठामुळे बाष्पीभवन मंदावलं की ओला फुगा पुरेसा थंड होत नाही, दोघांतला फरक कमी येतो आणि आर्द्रतेच्या कोष्टकात बघितलं की आर्द्रता जास्त निघते. फरक किती पडतो बघा, कोरडा २८ अंश आणि ओला २५ असेल तर आर्द्रता साधारण ७७-७८ टक्के येते, तोच ओला २६ वाचला तर थेट ८५ च्या आसपास. म्हणजे एका अंशाच्या चुकीने सात टक्के वाढतात, आणि एक अंश चुकायला कापड फार खराब व्हावं लागत नाही.

उपाय साधा आहे पण शिस्त लागते. कापड आणि वात आठवड्यातून एकदा बदलायची, हे कुठेही, पण समुद्र अगदी समोर असेल किंवा वादळी आठवडा असेल तर दोन-तीन दिवसांनी. नवी मलमल आणली की तिला खळ असते, ती साबणाच्या पाण्यात धुवून, उकळून, चांगली खळाळून घ्यायची, नाहीतर नव्या कापडानेही चुकीचंच रीडिंग येतं आणि माणूस उगाच चक्रावतो. कापड एकाच थराचं, सुरकुती न पडता फुग्याला चिकटलेलं पाहिजे. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यातले क्षारही शेवटी तिथेच साठतात. भांडं फुग्याच्या बरोब्बर खाली ठेवू नका, जरा बाजूला, आणि तोंड लहान असलेलं, नाहीतर भांड्यातल्या पाण्याची वाफच फुग्याला लागते. आणि बदलायचं ते सकाळचं रीडिंग घेऊन झाल्यावर, आधी नाही, कारण हात लागला, गार पाणी लागलं की फुगा जागेवर यायला वेळ घेतो. त्याच वेळी कोरडा फुगासुद्धा ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करा, त्यावरही मीठ बसतं, दमट हवेत ते ओलं होतं आणि मग तो फुगा नावालाच कोरडा राहतो.

पण समुद्रकाठी आर्द्रता खरंच जास्त असते, मग फुगलेला आकडा खरा की खोटा ते कसं ओळखायचं? इथे वारा मदतीला येतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे कामाला येतं. दुपारी खारा वारा आत आला की काही मिनिटांत तापमान दोन-तीन अंश उतरू शकतं आणि आर्द्रता उडी मारते, ते खरं आहे, त्यात उपकरणाचा काही दोष नाही, घाबरून काही बदलायला जाऊ नका. खोटी वाढ ओळखायची तर जमिनीकडून समुद्राकडे चांगला वारा सुटलाय आणि आकाश मोकळं आहे असा दिवस बघा. अशा दिवशी आर्द्रता खाली यायलाच पाहिजे. पूर्वी अशा दिवसांत वहीत ६०-६५ येत होते आणि आता त्याच वाऱ्याला ८० च्या खाली उतरतच नसेल, तर ते कापड नाहीतर सेन्सर. म्हणून मी आर्द्रतेच्या शेजारीच वाऱ्याची दिशा लिहिते, लांबच्या रकान्यात नाही. नुसती आर्द्रतेची ओळ वाचून काही कळत नाही, दोन्ही शेजारी असले की एका नजरेत कळतं.

आता बरेच जण डिजिटल सेन्सर वापरतात, पाऱ्याची उपकरणं मिनामाता करारामुळे (पाऱ्याच्या वापरावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) २०२० पासून बाजारातून जवळपास गेलीच आहेत, त्यामुळे आमच्याकडेही थर्मामीटर ठेवायच्या जुन्या झरोक्यांच्या पेटीत आता जोडीला सेन्सर बसलाय. सेन्सरला कापड नाही, वात नाही, म्हणजे प्रॉब्लेम सुटला असं वाटतं, पण नाही सुटत. मीठ त्याच्या जाळीवर बसतं. आणि मिठाचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होतं. म्हणजे दमट रात्री सेन्सरच्या तोंडावर खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि सकाळी बाहेरची हवा वाळायला लागली तरी सेन्सर आपला त्या ओल्या थराचीच आर्द्रता दाखवत बसतो. आलेख काढून बघितलात तर उतरण उशिरा सुरू होते आणि मग एकदम खाली कोसळते, ही खूण मी तीनदा बघितलीये आणि तिन्ही वेळा जाळी धुतल्यावर ती गेली.

याच मिठाने सेन्सर तपासताही येतो आणि ही टेस्ट मला फार आवडते. झाकण घट्ट बसेल अशी काचेची बरणी घ्या, तळाला एखाद्या लहान झाकणात साधं मीठ आणि त्यात थोडंसंच पाणी, मीठ पूर्ण विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. सेन्सर त्याला न चिकटता वर ठेवायचा, झाकण लावून बरणी जिथे ऊन नाही आणि तापमान फार हलत नाही अशा जागी रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस ठेवायची. बंद बरणीत ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, २५ अंशाला नेमकी ७५.३, आणि तापमान थोडं वरखाली झालं तरी हा आकडा जवळजवळ हलत नाही. सेन्सरने ८१ दाखवलं तर तो सहा टक्के चढा वाचतोय. ही टेस्ट दर तीन महिन्यांनी करा आणि जो काही आकडा येईल तो वहीत लिहा, चांगला आला तरी लिहा. फक्त एक लक्षात घ्या, यातून ७५ जवळचीच चूक कळते, ९५ ला सेन्सर काय करतो ते यातून कळत नाही, त्यामुळे सगळ्या आकड्यांतून सरसकट सहा वजा करत सुटू नका.

पेटीचं पण बघा. झरोक्यांच्या पट्ट्यांवर मीठ आणि धूळ मिळून करडा थर बसतो, पांढरा रंग मळला की पेटी ऊन धरते आणि कमाल तापमान वाढतं. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसून काढायची. ही झरोक्याची पेटी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते थॉमस स्टीव्हन्सन १८६० च्या दशकात दीपगृहं बांधणारे इंजिनीयर होते, म्हणजे समुद्राकाठचं ऊनवारं माहीत असलेल्या माणसानेच ती केलीये, त्यामुळे किनाऱ्यावर पेटी चालत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, चालते, पुसावी लागते एवढंच. दार उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, आणि फुगे जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरच्या मध्ये.

पावसाची तक्रार वेगळी आहे पण तीही परत परत येते. किनाऱ्यावरचा पर्जन्यमापक कमी पाऊस दाखवतो, कारण वारा. वारा मापकाच्या कडेवरून उसळतो आणि थेंब आत पडायच्या ऐवजी पलीकडे वाहून जातात, साध्या पावसात २ ते १० टक्के पाणी असंच हुकतं आणि उघड्या, वादळी जागेवर त्याहून जास्त. म्हणून तो चर्चच्या छपरावर किंवा कुंपणाच्या खांबावर लावू नका, उंच गेला की वारा वाढतो आणि पाणी आणखी कमी मिळतं. कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर, आणि झाड किंवा भिंत मापकाच्या कडेपेक्षा जितकी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. अगदीच उघडी जागा असेल तर मापकाभोवती गोल मातीचा बांध घालतात, आतून तीन मीटर व्यासाचा आणि मापकाच्या कडेइतकाच उंच, वर गवत लावलेला. कष्टाचं काम आहे पण एकदा केलं की वारं मापकावर उसळत नाही.

याच्या उलट कधीकधी पाऊस न पडताच मापकात पाणी सापडतं. रात्रभर चांदणं होतं, जोराचा वारा होता आणि सकाळी ०.३ मिमी! ते समुद्राचे तुषार असतात, नाहीतर दव. ओळखायचं असं की त्यातला एक थेंब स्वच्छ काचेवर वाळू द्या. दव असेल तर जवळजवळ काही उरत नाही, तुषार असतील तर पांढरा गोल डाग पडतो, नखाने खरवडता येईल असा. किनाऱ्यावरच्या खऱ्या पावसातही थोडं मीठ असतंच, त्यामुळे पुसट डागाला काही अर्थ नाही, जाड डाग असेल तरच. असं पाणी मी पावसाच्या रकान्यात घेत नाही, शेऱ्यात 'तुषार, ०.३' असं लिहिते. टिपिंग बकेटवाला मापक (आतली छोटी बादली भरली की कलंडते आणि त्यावरून पाऊस मोजला जातो) असेल तर तिथे मीठ बिजागरीवर चढतं, बकेट जड चालते आणि पाऊस कमी मोजला जातो. तपासायला गणित सोपं आहे, नरसाळ्याचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असेल तर १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलीलीटर पाणी. २०० मिलीलीटर मोजून अगदी हळूहळू, निदान अर्धा तास घेऊन ओता, १० मिमी यायला पाहिजेत. पाच इंच व्यासाच्या तोंडाच्या मापकाला १ मिमी म्हणजे सुमारे १२.७ मिलीलीटर.

आता तारखेचा घोळ, याने जेवढ्या वह्या बिघडतात तेवढ्या मिठानेही नसतील. आपले आकडे शेजारच्या केंद्राशी जुळत नाहीत, त्यांचा मोठा पाऊस मंगळवारी आणि आपला बुधवारी, असं दिसलं की उपकरण तपासायच्या आधी तारीख तपासा. सकाळी मोजलेला पाऊस गेल्या २४ तासांचा असतो, तो कुठल्या दिवसाच्या नावावर टाकायचा हे प्रत्येक देशात वेगळं ठरलंय. ब्रिटनमध्ये ९ वाजता मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावावर जातो, भारतात सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात. दोन्ही बरोबर, पण एका वहीत दोन्ही नकोत. ब्रिटिश पद्धतीत कमाल तापमानसुद्धा आदल्या दिवसाचं, कारण ते काल दुपारी झालं, आणि किमान मात्र आजचं. पॅरिशमध्ये वही हातोहात बदलते, एक जण गावाला गेला की दुसरा लिहितो, आणि प्रत्येक नवा माणूस आपल्या मनाने तारीख टाकतो, आमच्या जुन्या वहीत एका महिन्यात दोनदा पद्धत बदललेली मला सापडली, अक्षर बदललं तिथेच. आता मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर ओळ लिहून ठेवलीये, पाऊस कुठल्या दिवसाचा, कमाल कुठल्या दिवसाचं, किमान कुठल्या. आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे नोंदीचं घड्याळ हलवायचं नाही, भिंतीवर १० वाजले असतील तेव्हा वहीत ९, वर्षभर एकच वेळ.

रविवारचं पण असंच. प्रार्थनेच्या गडबडीत नोंद राहते आणि सोमवारी मापकात १४.६ मिमी मिळतात. काही जण अर्धे अर्धे करून दोन्ही दिवशी ७.३ लिहितात, कृपा करून असं करू नका, त्याने पाऊस पडलाच नव्हता त्या दिवशीही पाऊस लागतो. रविवारी रेघ मारा, शून्य नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि पाऊस नव्हता, रेघ म्हणजे बघितलंच नाही. सोमवारी १४.६ लिहून शेजारी 'दोन दिवसांचा'. महिन्याची बेरीज बरोबर राहते. फक्त महिना बदलतो त्या दिवशीची नोंद चुकवू नका, ती चुकली की दोन महिने एकमेकांत मिसळतात आणि मग सोडवता येत नाहीत.

किमान थर्मामीटर अचानक एक-दोन अंश कमी वाचायला लागला तर नळीच्या वरच्या टोकाला बघा, आतला स्पिरिट उडून तिथे थेंब होऊन बसलेला असतो, थर्मामीटर हातात घट्ट धरून फुगा बाहेरच्या बाजूला ठेवून झटकला की खाली येतो. रोज रीसेट केल्यावर कमाल, किमान आणि कोरडा, तिघं जवळजवळ सारखे आहेत का ते बघायची सवय लावा, दहा सेकंदाचं काम आहे. बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा) शेजाऱ्यांपेक्षा कायम सारख्याच फरकाने कमी असेल तर तो बिघडलेला नाही, उंचीचं करेक्शन राहिलंय, समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल, चर्च टेकाडावर २४ मीटर उंचीला असेल तर ३ चा फरक येणारच.

सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते जुन्या आकड्यांचं. चूक सापडली की मागचे आकडे खोडून सुधारायचा मोह होतो, मलाही झाला होता, पहिल्या वर्षीचे ते तीन आठवडे मी पेन्सिलने 'दुरुस्त' करायला बसले होते आणि चार ओळींनंतर थांबले, कारण मीठ रोज किती वाढलं ते मला माहीतच नव्हतं, मी आकडे बनवत होते. मूळ आकडा तसाच राहू द्या. शेवटचं कापड बदललेली तारीख आणि चूक सापडलेली तारीख, या दोन्हींच्या मध्ये बाजूला उभी रेघ ओढून 'आर्द्रता शंकास्पद, कापडावर मीठ' असं लिहा, पुढे कुणाला ते आकडे घ्यायचे की टाकायचे ते तो ठरवेल. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा. इंग्लंडात लिंकनशायरमधल्या ड्रिबीचे रेक्टर (पॅरिशचे धर्मगुरू) विल्यम मर्ल यांनी १३३७ ते १३४४ अशी सात वर्षं हवामान लिहून ठेवलं, लॅटिनमध्ये, थर्मामीटर नाही, बॅरोमीटर नाही, नुसते शब्द, आणि ते आजही वाचून समजतं. आपल्याकडे आकडे आहेत म्हणून शब्द टाळायचे नाहीत. 'सकाळपासून समुद्राचा आवाज, खिडक्यांच्या काचा चिकट' एवढं लिहिलेलं असेल तर त्या आठवड्याची आर्द्रता का फुगली ते वीस वर्षांनी वही उघडणाऱ्यालाही कळेल.

मी आता कापड बदललं की त्याच ओळीत लाल शाईने 'क' लिहिते आणि त्याच्या आधीची आणि नंतरची आर्द्रता शेजारी शेजारी. सारख्याच वाऱ्याला दोघांत तीन टक्क्यांच्या वर फरक पडला, तर पुढचं कापड सात दिवसांऐवजी चार दिवसांनी.